पातं पुढं ढकलायचं
नव्या गाडीचं दार उघडलं की आतून जो प्लास्टिकचा वास येतो, त्याने मला रांजणगावचा एक परदेशी मालकीचा कारखाना आठवतो. गाड्यांचे प्लास्टिकचे भाग बनवणाऱ्या त्या कारखान्याने नवी शेड बांधली होती, भरती सुरू होती आणि मी बातमीसाठी गेलो होतो. इनामगावची तिशीतली एक बाई टेबलापाशी चाचणी देत होती. साच्यातून निघालेल्या भागाची जादा कडा कटरने कापायची होती. आजवर तिने शेतात कांदाच कापला होता, म्हणून विळ्यासारखा तिने कटर झपकन स्वतःकडे ओढला. "थांबा ताई!" सुपरवायझर ओरडला. "पातं आपल्याकडं ओढलं की नापास." "आमचा विळा जन्मभर आमच्याकडंच येतोय साहेब," ती म्हणाली, "तरी धाच्या धा बोटं हायती. आणखी एक द्या." मागच्या बायका हसल्या. सुपरवायझरनेही हसत दुसरा भाग पुढे केला. या वेळी ती पातं पुढे ढकलत, मध्येमध्ये थांबत कापत गेली. त्याने कडेवरून अंगठा फिरवला. "हळू हाय, पण साफ हाय. स्पीड येईल. सोमवारी फर्स्ट शिफ्टला या." ती लगेच हो म्हणाली नाही. "कंपनीची बस कुठवर येती?" "इनामगावच्या फाट्यापर्यंत. पहाटे, अंधारातच." "मग येते. फाट्यापर्यंत सोडाया सासूबाई येते म्हणल्यात," ती म्हणाली आणि तेव्हा कुठे हसली. त्या दिवशीच्या माझ्या बातमीत फक्त शेड होती. आता रोजगाराची बातमी हाती आली की बस कुठवर जाते, हे मी आधी विचारतो.