अक्कांच्या गुलाबाचं ऑपरेशन

मेहरूणच्या बागेत रविवारी सकाळी आम्ही चार-पाच जण टेबल मांडून बसतो. लोक आजारी झाडं आणतात, आम्ही फुकट सल्ला देतो. खरं म्हणजे देतात आबा. ते भुसावळहून रेल्वेतून निवृत्त झालेत, पण आवाज अजून फलाटावरचाच आहे. माझ्याकडे चिठ्ठ्या लिहिण्याचं काम. ते मी मागून घेतलं होतं, कारण लिहिताना कुणाच्या तोंडाकडे पाहावं लागत नाही.

पावसाळ्यात धुळ्याकडच्या एक अक्का रिक्षातून गुलाबाची कुंडी घेऊन आल्या. गुलाब अर्धा रिक्षाबाहेर होता. दोन वर्षांत फूल मात्र एक नाही.

"सून म्हनस, हाऊ गुलाब नही, बाभूळ शे," अक्का म्हणाल्या.

सुनेनं दिवाळीपर्यंत मुदत दिली होती. फूल आलं नाही तर कुंडी बाहेर, आणि त्या जागी कपडे वाळत घालायचा स्टँड.

आबांनी शेणखत सांगितलं. रावेरच्या नानांनी केळीच्या साली सांगितल्या. ते दर झाडाला त्याच सांगतात. मला दिसत होतं ते वेगळंच. ही सगळी वाढ कलमाच्या खालून, गुलाब ज्यावर बांधतात त्या जंगली खुंटातून आलेली होती. खऱ्या गुलाबाची करंगळीएवढी काडी बाजूला उपाशी उभी होती. मी तसं लिहून चिठ्ठी आबांकडे सरकवली.

त्यांनी ती बागभर ऐकू जाईल अशी वाचली. "उंच फांद्या बुडापासून कापा." मग माझ्याकडे वळले. "लिहिलंय हिनं, तर कापेलही हीच."

मी कापलं. कुंडीत ती काडी उरली.

"बठ्ठा गुलाब कापी टाका, माय," अक्का हळूच म्हणाल्या. त्यांच्या लेखी मी सगळा गुलाबच कापून टाकला होता.

पुढे दीड महिना मी गेटकडे पाठ करून बसत होते.

दिवाळीच्या आठवडाभर आधी अक्का पुन्हा आल्या. काडीला नवी लालसर पानं होती आणि टोकाला एक कळी, पाकळ्यांचा रंग दिसण्याइतकी उघडलेली. सुनेनं स्टँड गच्चीवर नेला होता. अक्कांच्या दुसऱ्या हातात रंगाची रिकामी बादली होती, आणि तिच्यात मी कापलेली एक फांदी मजेत फुटली होती.

"हिले काय खत देऊ?"

"अक्का, तिला तुमच्या गुलाबाचं फूल कधीच येणार नाही," मी त्यांच्याकडे बघून म्हणाले.

"मी तिले फूल मांगस का?"

मी शेणखत लिहून दिलं.