बाईंनी हात वर केला

कुंपणावरच्या वाळक्या भोपळ्यावर सहज बोटं वाजवली आणि मला ब्राझीलची ती गाणी आठवली.

धरणगावच्या आमच्या भजनी मंडळाला ती शिकवायला पुण्याहून एक बाई आल्या होत्या. त्यांचं वाद्य म्हणजे धनुष्याला बांधलेला असाच भोपळा. एकाने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी गोल करून टाळ्यांवर ती झेलायची आणि मध्ये दोघांनी एकमेकांच्या लाथा चुकवत नाचायचं. मध्ये होतो मी, माझं पोट आणि समोर केळीवाले आबा.

आमच्या टाळकरी नानांनी लय जराशी वाढवली. ती आवरायला बाईंनी हात वर केला. नाना खूश झाले, त्यांनी लय दुप्पट केली. बाईंनी दोन्ही हात वर केले. मग अख्खं मंडळच पेटलं! आबा खाली बसले, मी सरळ आडवा झालो.

"अहो, थांबा म्हणत होते मी!" बाई ओरडल्या.

"आमना भजनमा हात वर गया का लय चढावनी ऱ्हास," नाना शांतपणे म्हणाले.

तेव्हा नानांचा भयंकर राग आला होता. आत्ता बायकोने दारातून 'पुरे' म्हणून हात वर केला आणि माझी बोटं भोपळ्यावर दुप्पट चालायला लागली.