दोनशे चाळीस गाठी

घरात तिला सगळे भिंगरी म्हणत, आणि ते कौतुकाने नव्हे. समोरच्या खोलीत खिडकीशी माग, गॅलरीत चरखा आणि खांद्यावरच्या पिशवीत विणायच्या सुया. तीन कामं एकाच वेळी मांडलेली. "एक काम पुरं करावं, मग दुसरं धरावं," असं नवरा सांगायचा. निवृत्त झाल्यापासून या गृहस्थाने स्वतः एकही काम धरलं नव्हतं, पण उपदेशाला काय लागतं?

तिची तिन्ही कामं एकमेकांवर अडलेली असत. सकाळचा उजेड मागाचा. दुपारी कातायचं, कारण कातलेली लोकर दोन दिवस रिळावर मुरू द्यावी लागते, मगच तिचे दोन पदर एकत्र पिळता येतात. आणि कुणी गप्पा मारायला आलं की हातात सुया. मागावर तिची स्वतःची शाल होती, जन्मातली पहिली. आजवरचं सगळं दुसऱ्यांच्या अंगावर गेलं होतं. आठ महिने कातून तिने ताणा, म्हणजे शालीचे उभे धागे, मागावर चढवला होता. वीतभर विणून झालं आणि आडव्या धाग्याची लोकर कातायची राहिली. का राहिली? तर नणंदेला थंडीआधी स्वेटर हवा होता म्हणून. त्या स्वेटरपायी माग तीन आठवडे गप्प होता.

आणि तीच नणंद रविवारी राहायला येणार होती.

शनिवारी भिंगरी बाजारातून आली, तर मागाच्या जागी कॉट. माग घडी करून भिंतीला टेकवलेला. नवऱ्याने हसतमुखाने तिच्या हातात धाग्यांची जुडी ठेवली.

"घडी होईना, म्हणून पाठीमागचे दोरे कापले. पण बघ, एकही वाया घालवला नाही."

दोरे म्हणे! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अहो, विचारायला काय झालं होतं?"

"अगं, तीन आठवडे तू हात लावला नव्हतास. मला वाटलं, सोडून दिलंस."

"विरजण लावलेल्या दुधालाही मी हात लावत नाही. म्हणून ते मोरीत ओतता का?"

तिने कॉट बाहेर काढायला लावली, माग उभा केला आणि समोर स्टूल ठेवलं. "कापलंत तुम्ही, जोडायचंही तुम्हीच."

दोनशे चाळीस धागे. प्रत्येकाला त्याच्याच तुटक्या टोकाशी गाठ, आणि ताण सगळ्यांचा सारखा. एक जरी सैल राहिला तरी कापडाला चुण्या पडतात. तिसाव्या गाठीला त्याची पाठ धरली. सत्तराव्या गाठीला त्याने शेजारचाच धागा जोडला; ते एकोणऐंशीव्या गाठीला तिच्या लक्षात आलं, तेव्हा तिने त्याला दहा गाठी सोडायला लावल्या. तिला दया आली नाही, आणि का यावी?

रविवारी नणंद बॅग घेऊन दारात उभी. "दादा, हा कसला रिकामटेकडा उद्योग? गुंडाळ की ते!"

"हात लावू नकोस!" तो केवढ्याने ओरडला. "एकशे बारावी चाललीय!"

नणंद गोरीमोरी झाली. "वहिनी, निदान माझा स्वेटर तरी झाला का?"

भिंगरी तोंड उघडणार, तोच मान वर न करता नवरा म्हणाला, "तो नंतर. एका वेळी एकच काम."

भिंगरीने एका बाहीचा स्वेटर सुयांसकट पिशवीत घातला, पिशवी कपाटावर ठेवली आणि पुढच्या धाग्याची दोन टोकं त्याच्या हातात दिली.