प्रोग्रॅमला स्वतःचं घर सापडेना

दोन हजार सालानंतरची गोष्ट. महाडच्या एका ट्रान्सपोर्टवाल्या चाचांना मी लिनक्सवर प्रोग्रॅम लिहून दिला होता. कुठला ट्रक, कुणाचा माल, कुठे उतरवला, सगळं त्यात. नोंदींची फाइल प्रोग्रॅमच्याच फोल्डरमध्ये असायची. सुरू झाला की तो आधी आपण कुठे आहोत ते बघायचा आणि तिथली फाइल उघडायचा. केवढा तोरा होता मला त्याचा!

एका सकाळी चाचांचा फोन. "सगळं साफ! पोरीने उडवलं. आता तिला घरीच बसवतो." पोरगी म्हणजे त्यांची क्लार्क. कापड्याहून रोज एसटीने यायची, घरात कमावणारी ती एकटीच.

मी पोलादपूरहून धावत गेलो आणि दारातूनच ओरडलो, "काय डिलीट केलंस?"

"काय नाय केलं, दादा. चाचांना सगळं स्क्रीनवर समोर लागतं, म्हणून प्रोग्रॅमची लिंक तिथे करून ठेवली फक्त."

"फक्त म्हणे! हो बाजूला."

दुपारपर्यंत डोकं आपटलं. कळलं तेव्हा स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. लिंक म्हणजे नुसती पाटी, दुकान भलतीकडेच. माझा दीडशहाणा प्रोग्रॅम पाटीलाच दुकान समजला आणि तिथे फाइल दिसेना म्हणून नवी कोरी फाइल करून बसला. जुन्या नोंदी मूळ फोल्डरमध्ये जशाच्या तशा होत्या.

मग लिहिलं: लिंक दिसली तर ती दाखवते तिकडे जा, तीही लिंक निघाली तर आणखी पुढे जा. चालवून बघतो तर मशीन गपगार! तपासायला म्हणून मीच दोन लिंक केल्या होत्या, एकमेकींकडे बोट दाखवणाऱ्या. प्रोग्रॅम बिचारा दोघींमध्ये गरगर फिरतोय. कप्पाळ माझं! चाळीस लिंकनंतर थांब आणि तसं सांग, अशी अट घातली तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

चाचांना सांगितलं, चूक माझी होती, हिची नाही.

"अरे, होतं असं कधीकधी," चाचा हसले आणि माझ्यासाठी चहा मागवला. मग तिला म्हणाले, "तू पण ये उद्यापासून."

ती पिशवी घेऊन उभीच होती. "मला नाय कोण बोललं की 'होतं असं कधीकधी'," एवढंच म्हणाली आणि स्टँडकडे चालू लागली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही.