खळ्यावरचा डॉक्टर

आजवर एकाच माणसाला सांगितलेली गोष्ट आधी सांगून टाकतो. इंग्लंडमधल्या विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला मला प्रवेश मिळाला, तो एका खोट्यावर. माझ्या बायकोलाही हे ठाऊक नाही.

निघालो त्या सकाळी जुन्नरच्या एसटी स्टँडवर नानी आली होती. नानी म्हणजे माझी चुलती. आई मला आठवत नाही. सोपान आणि मंगल या आपल्या दोन लेकरांच्या ताटाशेजारी तिसरं ताट मांडून नानीनंच मला वाढवलं. घोडेगावच्या वरच्या डोंगरातून ती गाड्या बदलत आली होती, काखेत पिशवी घेऊन. पिशवीत हातसडीचा तांदूळ आणि नाचणीचे पापड. "तिकडं थंडी लई असंल. कान बांधत जा," म्हणाली. आणि गाडी हलताना, "आता मागं वळून बघू नको."

मी पुण्याला कॉलेजात असताना दर खेपेला ती पिशवीच्या तळाशी हिरड्याची पुरचुंडी टाकायची. आमच्या डोंगरात हिरडा झाडावरून वेचतात, वाळवतात, विकतात, आणि पोट बिघडलं की उगाळून देतात. त्या दिवशी मी पिशवी चाचपली. पुरचुंडी नव्हती.

का नव्हती, ते आता सांगतो.

त्याच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. बीएएमएस होऊन जुन्नरच्या बाजारातल्या एका गल्लीत मी छोटा दवाखाना टाकला होता. भाताची झोडणी उरकली म्हणून गावी गेलो होतो. आमच्याकडं झोडणी संपली की खळ्यावरच मटण शिजतं, आणि भाताची रास घरात जाईपर्यंत घरातला एक गडी राखणीला राशीशेजारीच झोपतो. त्या रात्री सोपान झोपला.

सकाळी नानी आणि मी चहा घेऊन खळ्यावर गेलो, तर सोपान पोट धरून बसलेला. मी तपासलं. अंगावर कुठं खूण नाही, सूज नाही, ताप नाही. "काय रे, एकट्यानं किती हाणलंस काल?" मी म्हणालो. तो हसला. "डाक्टर, तुमीच वाढत व्हता की." बोलणं थोडं जड वाटत होतं, पापण्या मिटत होत्या. मला वाटलं, रात्रीचं जागरण.

नानी म्हणाली, "घोडेगावला न्यायचा का रं? मला याचं डोळं बरं दिसत न्हाईत."

मी म्हणालो, "अजीर्ण आहे, नानी. हिरडा उगाळून दे आणि पडू दे त्याला."

आणि मोटरसायकलला किक मारून जुन्नरला निघून आलो. दवाखान्यात पेशंट थांबले होते.

दुपारी त्याला श्वास घेता येईना. जीपमध्ये घालून नेताना घोडेगावच्या अलीकडंच तो गेला. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, मण्यार साप चावला. भाताच्या राशीला उंदीर येतात, उंदरांमागं मण्यार येते. झोपेत चावलेली कळत नाही, खूण दिसत नाही, पहाटे पोटात दुखतं, मग पापण्या गळतात. हे सगळं मी कॉलेजात शिकलो होतो. परीक्षेत लिहिलंही होतं.

खळ्यावर आम्ही तिघंच होतो; मंगल तेव्हा शिकायला बाहेरगावी होती. त्यातला एक गेला. दिवसकार्यात मला कुणी काही विचारलं नाही, नानीनं माझ्याकडं बोट दाखवलं नाही. मी गप्प राहिलो. गप्प राहणं मला लहानपणापासून जमतं.

नंतर दवाखान्यात बसवेना. कुणी पोट दुखतंय म्हणून आलं की मी न तपासताच मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी लिहून द्यायचो. लांब जायचं होतं, म्हणून अर्ज केला. अर्जात निबंध मागितला होता: तुम्हाला सार्वजनिक आरोग्याकडंच का वळायचंय? मी सोपानची गोष्ट लिहिली. फक्त एक बदल केला. लिहिलं की जवळपास डॉक्टर नव्हता. माझ्या अडाणी चुलतीनं परंपरेनं चालत आलेला हिरडा दिला आणि मोलाचे तास वाया गेले. अशा स्त्रियांपर्यंत ज्ञान पोचवणं हेच माझं ध्येय.

खळ्यावर डॉक्टर होता. तो मी होतो.

मुलाखतीत त्या लोकांनी निबंधाचं कौतुक केलं.

आता मी तिथल्या आरोग्य खात्यात नोकरी करतो. लोक उपचाराला उशिरा का पोचतात, हाच माझा विषय. त्यावर डॅशबोर्ड बनवतो, झूमवर बोलतो. सेंट्रल हीटिंगच्या घरात इलेक्ट्रिक कुकरमध्ये भात लावतो. माझ्यासारखे तुम्हीही कुणी गेला असाल, तर तुम्हाला हे आयुष्य माहीत आहे. मागं राहिलेल्यांना ते लांबून छान दिसतं, आणि आपण त्यांना तसंच दिसू देतो.

या हिवाळ्यात गावी आलो. डोंगरात जाण्याआधी वाटेत कळंबला मंगलच्या सासरी उतरलो. तिच्या लग्नाला मला येता आलं नव्हतं. दारात बटाट्याच्या गोण्या रचलेल्या, तिथूनच ती ओरडली, "या, इंग्लंडचं पावणं! आता पाया पडायचं का शेकहँड करायचा, दादा?"

हसणं झालं, जेवण झालं. मी सहज म्हणालो, "चल की माझ्याबरोबर. नानीला भेटून येऊ."

तिचा चेहरा बदलला. "मी जात न्हाई तिकडं."

"म्हणजे?"

"तुला म्हाईत न्हाई? डॉक्टरकडं न्यायचं सोडून तिनं सोपानदादाला हिरडा पाजत ठेवला. अडाण्यावानी. पहिलं बाळंतपण बी सासरीच केलं मी. गाव लई बोललं, बोलू दे. माझ्या पोरीला तिचा हात लागू दिला न्हाई."

माझ्या निबंधातली वाक्यं होती ती. मी इंग्रजीत लिहिलेली, ज्या लोकांनी नानीला कधी पाहिलं नव्हतं त्यांच्यासाठी. ती इथं कळंबच्या ओसरीवर कशी आली? नानी दर फोनवर म्हणायची, मंगल बरी हाय. ती बरी हाय हे नानीला दुसऱ्यांकडून कळत होतं, हे मला माहीत नव्हतं.

वर गावात पोचलो तेव्हा नानी अंगणात तांदूळ निवडत होती. मी उभ्यानंच विचारलं, मंगलला हे कुणी सांगितलं?

"व्हय, मीच सांगितलं," ती सुपावरून मान वर न करता म्हणाली. "दवाखान्यात इचारलं, काय दिलं व्हतं. हिरडा म्हनलं. कुनी सांगितलं? म्हनलं, कुनी न्हाई, माझ्या मनानं. तू पहाटंच जुन्नरला गेलता, असं समद्यांना सांगितलं."

"पण का, नानी?"

"मंग काय तुझं नाव घिऊ? एक तर गेला व्हता. तुझ्या दवाखान्याची बी पाटी उतरवू का?"

मग माझ्या तोंडून निघालं. "नानी, मीपण तसंच लिहिलं होतं. कॉलेजच्या अर्जात. तुझ्यावरच घातलं."

तिचे हात थांबले. मला वाटलं, आता सूप भिरकावेल. ती म्हणाली, "मंग बरं झालं. दोघांचं बोलनं एकच झालं."

मी खाली बसलो.

"मंगलला काय बोलू नको," ती म्हणाली. "ती तुला बी तोडील. मंग माझं कोन?"

मी मान हलवली. आणि खरं सांगतो, मान हलवताना मला सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटकेचा धक्का अजून ओसरलेला नाही. निघताना तिनं पिशवी दिली. तळाशी पुरचुंडी नव्हतीच.

घर म्हणजे काय, असं तिकडं कुणी विचारलं की मी सह्याद्रीचे फोटो दाखवायचो. आता मला ठाऊक आहे, माझं घर म्हणजे एका बाईनं स्वतःच्या लेकीला गमावून माझ्यासाठी राखलेली जागा आहे.

कळंबवरूनच परत आलो. गाडी मंगलच्या दारावरून गेली, मी थांबवली नाही. मी मंगलला तिची आई देणं लागतो. ते अजून दिलेलं नाही.