पळणारीचा हात

मन्नाएखेळ्ळीच्या बाजारात मी बायकांना बांगड्या भरते. मालक गेल्यापासून ह्याच धंद्यावर पोट हाय. एकदा एक उंच, रुंद खांद्याची पोरगी आली. बाकीच्या बायका उठून जाईस्तोवर लांबच उभी राहिली. मग समोर बसली, पण हात पुढं करंना.

"कामून गं?" मी इचारलं.

"अक्का, मी देशाकडून पळत होते. परदेशातल्या शर्यतीत पैली आले. मग माझं रक्त तपासून म्हणले, तू बाई न्हाईस. पदक काढून घेतलं. आता गाव बी तेच म्हणायलंय."

मी तिचा हात माझ्या मांडीवर वढला आन् अंगठ्याजवळ दाबून मऊ करायला लागले. हात राठ होता. माझा बी तसलाच हाय.

"कंच्या भरू, बाई?" मी म्हणलं. "हिरव्या का लाल?"

"हिरव्या," म्हणली, आन् दुसरा हात तिनं आपणहून पुढं केला.