कोरडे बूट

हिंदमाताला साड्यांच्या दुकानांमागे गरम कपड्यांचं एक लहानसं दुकान आहे. एप्रिलच्या घामात आईला घेऊन मी तिथे गेलो. तिला सत्तराव्या वर्षी आल्प्समधला बर्फ बघायचा होता, आणि गुडघे असे की पुढच्या वर्षाचा भरवसा नव्हता.

दुकानातल्या बाईंनी स्वेटर काढलाच नाही. आधी ठिकाण विचारलं, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि मोबाइलवर त्या स्की रिसॉर्टचा हवामानाचा अंदाज उघडला.

"आम्ही तिथे असू ते तिन्ही दिवस कडक ऊन!" मी खूश होऊन म्हटलं.

"म्हणूनच सांगते, अकराच्या आत वर जाऊन या. रात्रीचा घट्ट बर्फ तोवर टिकतो. दुपारी त्याची लापशी होते. आजींचा पाय घोट्यापर्यंत रुतेल."

"तुम्ही जाऊन आलात?"

"मी लोणावळ्याच्या पुढे गेले नाहीये. पण ज्यांचे पाय ओले होतात ना, ते परत येऊन मला सगळं नीट सांगतात."

तिकडे टूरवाला सगळ्यांना दुपारच्या जेवणानंतर वर नेणार होता. मी भांडलो आणि आईला सकाळी नऊलाच नेलं. संध्याकाळी बसमध्ये बाकीच्यांचे मोजे सीटच्या पाठींवर वाळत होते.

परत आल्यावर बाईंना फोटो दाखवायला गेलो. मागे डोंगर, पुढे हात पसरून हसणारी आई. बाईंनी दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि सरकवत थेट आईच्या बुटांवर आणला.

"कोरडे," त्या म्हणाल्या आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. "हं, तुम्ही कुठे निघालात?"